समजून घ्या : घरातला रेडिएटर गळतोय? बॉयलरमध्ये पाणी भरण्याआधी हे वाचा

महाराष्ट्रात रेडिएटर म्हटले की गाडीचे उघडे बॉनेट डोळ्यांसमोर येते. घाटात इंजिन तापलेले आणि चालक कडेला पाण्याची बाटली घेऊन उभा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या मराठी मुलामुलींची मात्र पहिल्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका रेडिएटरशी गाठ पडते. खिडकीखाली भिंतीला लावलेले पांढऱ्या पत्र्याचे ते पॅनेल. त्यावर मोजे वाळत घातले जातात, त्याला पाठ लावून अभ्यास होतो. आणि एके दिवशी त्याच्याखालचे कार्पेट पायाला ओले लागते.

पुढचा प्रकार साधारण ठरलेला असतो. बॉयलर बंद पडतो. त्यावरचा दाब दाखवणारा काटा खाली आलेला असतो. घरातला जुना भाडेकरू बॉयलरखालची छोटी चावी कशी फिरवायची ते दाखवतो, काटा वर येतो, घर पुन्हा गरम होते. आठवड्याने काटा पुन्हा खाली. पुन्हा चावी. अनेक घरांत हा उद्योग सबंध हिवाळाभर चालतो आणि गळणाऱ्या रेडिएटरखाली एक वाडगे कायमचे मुक्कामाला येते. वाडग्यातल्या पाण्याने फारसे बिघडत नाही. खरे नुकसान त्या चावीतून आत जाणारे पाणी करते. ते कसे, हे कळायला आधी ही यंत्रणा समजून घ्यावी लागेल.

या पॅनेलमध्ये असते काय?

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत गॅसवर चालणारा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि थंड झालेले पाणी परत बॉयलरकडे येते. तेच पाणी वर्षानुवर्षे गोल फिरत राहते. आपल्याकडच्या गीझरशी तुलना केली तर फसगत होते. गीझरमध्ये रोज नवे पाणी येते आणि अंघोळीला निघून जाते. इथे पाणी हे उष्णता वाहून नेणारा हमाल आहे, ते घराबाहेर पडतच नाही. गाडीतल्या कूलंटचे असते तसेच.

ही बंद यंत्रणा थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असतो. पाणी तापून प्रसरण पावले की तो २ बारच्या आसपास जातो. वाढलेले पाणी सामावून घेण्यासाठी हवेची उशी असलेली एक टाकी असते आणि दाब ३ बारवर गेलाच तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सोडतो. एखाद-दोन लिटर पाणी कमी झाले तरी काटा डोळ्यांना दिसेल इतका खाली येतो. त्यामुळे प्रेशर गेज हाच गळतीचा पहिला साक्षीदार.

जुन्या घरांत दुसरी पद्धत सापडते. माळ्यावर एक छोटी टाकी असते आणि तिच्यातून यंत्रणेला आपोआप पाणी मिळत राहते. तिथे गेज नसते, पाणी कमी झाले तरी कुणाला कळत नाही. अशा घरातली गळती महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

ओल दिसली की पहिली दहा मिनिटे

बॉयलर बंद करा आणि रेडिएटर निवू द्या. आतले पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापलेले असू शकते. हात भाजायला तेवढे पुरेसे आहे. खाली परात, बेकिंग ट्रे, जे बुटके भांडे सापडेल ते सरकवा. बादली बहुतेक वेळा मावत नाही, कारण रेडिएटर आणि जमीन यांच्यात वीतभरच जागा असते. जवळ विजेचे एक्स्टेंशन बोर्ड असेल तर ते आधी बाजूला करा.

आता रेडिएटरच्या खालच्या दोन टोकांकडे पाहा. एका बाजूला आकडे असलेली गोल मूठ असते, ती खोलीच्या तापमानाप्रमाणे पाणी कमी-जास्त सोडते. ती शून्यावर आणा. काही मुठींवर शून्य नसते, हिमकणाची खूण असते. त्या खुणेवर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. खोली ७ अंशांच्या आसपास गार झाली की नळ्या गोठू नयेत म्हणून तो स्वतःच उघडतो. हे माहीत नसल्याने अनेक जण ‘मी तर बंद केला होता’ म्हणत दुसऱ्या दिवशी ओल्या कार्पेटकडे बघत बसतात.

दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची साधी टोपी असते. ती काढली की आत पितळेचा दांडा दिसतो. छोट्या पान्याने तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होईपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते कागदावर लिहून ठेवा. हा व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धवट उघडा ठेवलेला असतो, जेणेकरून बॉयलरजवळच्या रेडिएटरने सगळे गरम पाणी पळवू नये. नंतर उघडताना तितकेच फेरे द्यायचे. नाहीतर एक खोली भट्टी आणि दुसरी बर्फ.

दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले की त्या रेडिएटरचा बाकीच्या यंत्रणेशी संबंध तुटतो. आता गळले तर त्याच्या पोटातले काही लिटर पाणी तेवढे गळेल, आणि बाकी घर गरम ठेवता येईल.

किचनच्या सिंकखालचा मुख्य कॉक बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नळाची पाइप फुटली तर तो बरोबरच आहे. बंद यंत्रणेतल्या रेडिएटरला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण गळणारे पाणी आधीच आत कोंडलेले असते. माळ्यावर टाकी असलेल्या घरात टाकीत येणारे पाणी थांबवावे लागते.

वरच्या मजल्यावरच्या गळतीने खालच्या खोलीचे छत फुगलेले दिसले, तर तिथली वीज बंद करा आणि खाली बादली ठेवून फुगवट्याला स्क्रू ड्रायव्हरने छोटे भोक पाडा. ऐकायला विचित्र वाटते. पण प्लास्टरबोर्डवर साचलेल्या पाण्याने अख्खे छत कोसळण्यापेक्षा एक भोक बुजवणे स्वस्त पडते.

पाणी नेमके कुठून येते?

दुरुस्ती सोपी की अवघड, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. पाणी उगमापाशी न दिसता सगळ्यात खालच्या कडेला येऊन टपकते. म्हणून ओल जिथे आहे तिथे दोष असेलच असे नाही. सगळा रेडिएटर जुन्या टॉवेलने कोरडा पुसा. मग प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरचा वेगळा तुकडा गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. जो तुकडा आधी भिजेल तिथे गळती. सगळेच तुकडे कोरडे आणि पत्र्यावर बारीक दव असेल, तर ती खोलीतली वाफ गार पत्र्यावर जमलेली असू शकते. बंद खोलीत कपडे वाळवणाऱ्या घरात हे होते. रंगही पाहा. तपकिरी किंवा काळपट पाणी आतूनच आलेले असते. पितळेच्या नटवर हिरवट-निळी पुटे दिसली तर गळती जुनी आहे, फक्त आता लक्षात आली.

वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा ब्लीड व्हॉल्व्ह असतो. तिथून पाणी येत असेल तर नशीब चांगले. बऱ्याचदा कुणीतरी हवा काढून तो नीट आवळलेला नसतो. रेडिएटरच्या छोट्या चावीने हलकेच आवळला की काम होते. जोर लावू नका, आतले आटे पितळेचे असतात आणि पितळ मऊ.

व्हॉल्व्हच्या दांड्याच्या बुडाशी ओल असेल तर तिथले पॅकिंग झिजलेले असते. पाणी न सोडता तिथला छोटा नट पाव फेरा आवळून पाहता येतो. त्याने थांबले नाही तर त्या नटमागे टेफ्लॉन टेपचा दोरा करून भरतात. आपल्याकडचे प्लंबर नळाच्या दांड्याला सुतळी गुंडाळत, त्यातलाच हा प्रकार.

व्हॉल्व्ह आणि जमिनीतून वर आलेली तांब्याची नळी यांच्या सांध्यात गळती असेल तर गणित बदलते. हा सांधा दोन्ही व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे यंत्रणेच्या बाजूला असतो. व्हॉल्व्ह कितीही घट्ट बंद केले तरी तो गळतच राहतो. इथे नट पाव फेरा आवळून बघावा, त्यापुढे जाऊ नये. आणि हे करताना एका पान्याने व्हॉल्व्ह धरून ठेवायचा व दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर नळीच पिळली जाते. आपल्या सवयीप्रमाणे नटच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून इथे फायदा नाही. पाणी अडवण्याचे काम आटे करत नाहीत, नटच्या आतली पितळेची छोटी कडी करते. ती नळीवर दाबली जाते आणि फट बुजते. टेप लावायचीच तर त्या कडीवर. त्यासाठी सांधा खोलावा लागतो आणि त्याआधी यंत्रणेतले पाणी काढावे लागते, म्हणजे प्लंबर आला. तो येईपर्यंत एक उपाय करता येतो. बॉयलर बंद असताना वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरच्या ब्लीड व्हॉल्व्हमधून कपात थोडे पाणी काढायचे आणि गेजचा काटा खाली आणायचा. दाब उतरला की थेंबांचा वेग मंदावतो.

आणि शेवटची जागा म्हणजे खुद्द पत्रा. रंगाखाली फोड येतो, तो फुटतो, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी झिरपते. या पत्र्याची जाडी जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर असते आणि भोक आतल्या गंजाने पडलेले असते. वरून एपॉक्सी लावून आठवडा काढता येईल, पण शेजारी दुसरे भोक तयार होतच असते. अशा रेडिएटरला बदलणे हाच उपाय.

काही वेळा सकाळी कार्पेट ओले असते आणि संध्याकाळी कोरडे. रात्री धातू आकसतो, सांध्यात केसाएवढी फट पडते. दिवसा तो तापून फुगतो, शिवाय आलेला थेंब तिथेच वाळतो. म्हणून पाहणी यंत्रणा थंड असताना करावी. आणि काटा खाली येतोय पण घरात कुठेच ओल नाही, तर बाहेरच्या भिंतीतून निघणारी तांब्याची नळी बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह तिथून पाणी सोडत असेल, तर दोष बॉयलरच्या बाजूचा आहे आणि तो गॅस इंजिनिअरचा प्रांत.

मग पुन्हा पुन्हा पाणी भरायला हरकत काय?

दहावीला सगळ्यांनी केलेला खिळ्याचा प्रयोग आठवा. उकळलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर देऊन ठेवलेला खिळा गंजत नाही. साध्या पाण्यातला गंजतो. फरक विरघळलेल्या ऑक्सिजनचा. रेडिएटरची यंत्रणा म्हणजे उकळलेल्या पाण्याची ती परीक्षानळी. नव्याने भरलेल्या पाण्यात ऑक्सिजन असतो, तो थोड्या दिवसांत आतल्या लोखंडाला गंजवून संपतो आणि मग आत शांतता होते. त्यातच गंजरोधक द्रव टाकलेला असतो. पोलादी पत्रा, तांब्याच्या नळ्या, पितळेचे व्हॉल्व्ह आणि बऱ्याच बॉयलरमधला अॅल्युमिनियमचा भाग असे चार धातू एकाच पाण्यात नांदवायचे म्हणजे त्याची गरज असतेच.

चावी फिरवून पाणी भरले की दोन गोष्टी होतात. ताजा ऑक्सिजन आत जातो आणि गंजरोधक पातळ होतो. एकदा-दोनदा भरल्याने काही होत नाही, दर आठवड्याला भरले की होते. गंजाचा काळा गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो. वरचा भाग गरम आणि खालचा मधला भाग गार लागत असेल तर तोच हा गाळ. हे मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारे लोखंडाचे ऑक्साइड. ब्लीड व्हॉल्व्हमधून कपात काढलेल्या काळ्या पाण्यात चुंबक बुडवून बघता येते. हाच गाळ पंपात आणि बॉयलरच्या बारीक मार्गांत अडकतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड आहे, तिथे भरलेल्या प्रत्येक पाण्याबरोबर थोडा क्षारही आत जातो. म्हणजे एका नटच्या गळतीसाठी हिवाळाभर चावी फिरवणारा भाडेकरू नकळत बाकीचे सगळे रेडिएटर आतून खात असतो, आणि पुढच्या वर्षी भोक भलत्याच खोलीत पडते.

या गंजात हायड्रोजनही तयार होतो. रेडिएटरमधून वारंवार हवा काढावी लागत असेल तर ती हवा हायड्रोजनही असू शकते. ब्लीड करताना जवळ मेणबत्ती, सिगारेट नको.

दुकानात ‘लीक सीलर’ नावाची बाटली मिळते. ती यंत्रणेत ओतली की बारीक फटी आतून बुजतात असा दावा असतो. नळी जमिनीखाली आहे आणि फरशी उकरणे शक्य नाही, अशा अगदी बारीक झिरपण्याला तिचा उपयोग होतोही. पण फट बुजवणारा पदार्थ बॉयलरचे बारीक मार्ग ओळखून सोडून देईल याची खात्री काय? आवळून थांबणाऱ्या गळतीसाठी ती वापरणे हा आमच्या मते शुद्ध आळस आहे. भाड्याच्या घरात तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तिला हातच लावू नये.

दुरुस्ती कोणाची, खर्च कोणाचा?

इंग्लंडमध्ये याचे उत्तर १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टच्या कलम ११ मध्ये आहे. नेहमीच्या अल्प मुदतीच्या भाडेकरारात घर आणि पाणी गरम करणारी यंत्रणा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करारात उलटे लिहिले म्हणून ती भाडेकरूवर ढकलता येत नाही. मात्र घराच्या आतला बिघाड मालकाला कळवल्यावरच त्याची जबाबदारी सुरू होते. एजंटला फोनवर सांगितले आणि विसरलो, असे करू नका. त्याच दिवशी ईमेल करा. सोबत ओल्या जागेचा, गेजचा आणि टिश्यू पेपरचा फोटो जोडा. ‘रेडिएटर गळतोय’ यापेक्षा ‘मागच्या खोलीतल्या रेडिएटरचा डाव्या व्हॉल्व्हखालचा सांधा गळतोय, दोन दिवसांत दाब १.४ वरून ०.८ झाला’ असे लिहिले तर प्लंबर योग्य सुटा भाग घेऊन येतो.

हा ईमेल डिपॉझिटसाठीही लागतो. इंग्लंडमध्ये डिपॉझिट बहुतेक घरांना जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतके घेता येते आणि ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावे लागते. घर सोडताना कार्पेटवरच्या डागावरून वाद झाला तर योजनेचा लवाद फुकट निवाडा देतो, आणि तो कागद बघून देतो. मालकाचा इमारतीचा विमा तुमच्या भिजलेल्या लॅपटॉपचे पैसे देत नाही. त्यासाठी सामानाचा वेगळा विमा हवा.

भाडेकरूवर काहीच नाही असेही नाही. १९५०च्या दशकातल्या वॉरेन विरुद्ध कीन या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी भाडेकरूने करायच्या बारीकसारीक कामांची उदाहरणे दिली होती. तुंबलेले सिंक मोकळे करणे त्यात होते. ब्लीड व्हॉल्व्ह आवळणे त्याच पठडीतले समजायला हरकत नाही. बॉयलरचे झाकण मात्र उघडू नका. गॅसचे काम करणाऱ्याची ‘गॅस सेफ’ नोंदणी असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचे ओळखपत्र दारातच मागता येते. निव्वळ रेडिएटर किंवा व्हॉल्व्ह बदलायला साधा प्लंबर चालतो.

जर्मनीतही मराठी विद्यार्थी आणि आयटीवाले मोठ्या संख्येने आहेत, म्हणून तिथले थोडे. फ्लॅटच्या इमारतीत बॉयलर बहुधा तळघरात, सगळ्यांचा मिळून असतो. त्यामुळे दाबाचा काटा तुमच्या घरात नसतो, आणि तुमच्या रेडिएटरमधून वाहणारे पाणी इमारतीचे असते. गळती दिसताच इमारतीचा देखभाल कर्मचारी किंवा मालकाला कळवा. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५३६सी नुसार दोष विनाविलंब न कळवल्यास वाढलेल्या नुकसानीची भरपाई भाडेकरूकडून मागता येते. रेडिएटरवर चिकटवलेले छोटे मापक खर्चाच्या वाटणीसाठी असते, पुसापुशी करताना ते उखडू नका.

डिसेंबरात भारतात येताना

गळणारा रेडिएटर वाडग्याच्या भरवशावर ठेवून तीन आठवड्यांसाठी पुण्याला येणे यासारखा धोका नाही. डेनिंग यांच्या त्याच यादीत हिवाळ्यात बाहेर जाणाऱ्याने पाणी बंद करून बॉयलर रिकामा करावा, हेही होते. आजच्या घरात सहसा रिकामे करत नाहीत, हीटिंग कमी तापमानावर चालू ठेवतात, म्हणजे नळ्या गोठून फुटत नाहीत. रिकाम्या घराबद्दल विमा पॉलिसीत काय अट आहे ते निघण्याआधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत हिवाळ्यासाठी वेगळी अट असते. गळका रेडिएटर दोन्ही व्हॉल्व्हने बंद करा, मुख्य कॉक बंद करा, निघताना गेजचा फोटो काढा. परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी काटा त्या फोटोशी ताडून बघा.